पेठेतला दवाखाना आणि त्याचे ठरलेले वार : दिवाळीपासूनचा अनुभव

मागच्या दिवाळीपासून आमच्या घरातल्या सगळ्यांच्या फायली एकाच दवाखान्यात आहेत. सोलापूरचा पूर्व भाग, अशोक चौकाच्या बाजूची एक पेठ. नवरा-बायको दोघंही डॉक्टर, खाली दवाखाना आणि मेडिकल, वर त्यांचं घर. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि गल्लीतली माणसं रोज समोर येतात.

या दवाखान्याने आठवड्याचे वार वाटून घेतलेत. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी शुगर-बीपी, बुधवारी लसीकरण, शुक्रवारी संध्याकाळी दमा-खोकला, शनिवारी मॅडम गरोदर बायकांना तपासतात. मत आधीच सांगून टाकते. शुगर-बीपीच्या वारासाठी मी शहराच्या दुसऱ्या टोकाहूनही येईन. दम्याचा वार चांगला, पण गर्दी फार. लसीकरणातलं बरंचसं सरकारी केंद्रात फुकट होतं. आणि काउंटरवर तपासण्यांचं ‘पॅकेज’ म्हणाले की मान डोलावू नका.

आमच्या मामांची, म्हणजे सासऱ्यांची, शुगर जुनी. त्यांच्या बाबतीत पहिला फरक पडला तो डॉक्टरांच्या खोलीबाहेरच, सिस्टरच्या टेबलाशी. इथे आल्याआल्या दंडाला पट्टा बांधत नाहीत. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि तोंड बंद. चहा पिऊन किंवा तंबाखू मळून आलेल्याला अर्धा तास बाकावर बसवतात. मामा चिडले होते, ‘बीपी बघायला आलोय का शाळेत?’ पण आधीच्या ठिकाणी घाईघाईत १६० च्या पुढे दिसणारा आकडा इथे १४० च्या आसपास निघाला, पुढच्या वेळीही तसाच. दुसरी गोळी सुरू व्हायची होती, ती झाली नाही.

दुसरी गोष्ट एचबीएवनसी या रक्ततपासणीची. तपासणीच्या आधी दोन दिवस भात आणि गोड बंद ठेवायचं, उपाशीपोटीची शुगर छान आणायची आणि परत येताना पेढे घ्यायचे, ही मामांची जुनी चाल. एचबीएवनसीत मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते, तिथे दोन दिवसांचा उपास पुरत नाही. पहिला आकडा ९.१ आला. मामा गप्प. आता ७.६ वर आहे. त्यांचं वय बघता ७ च्या खाली ओढायची घाई नको, शुगर एकदम उतरून चक्कर येण्याचा धोका जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलं. आकडा जितका कमी तितका चांगला असं समजणाऱ्या आमच्या घराला हे नवीन होतं.

पायाची तपासणी मात्र आम्ही आधी कुठेच पाहिली नव्हती. नायलॉनचा एक बारीक तंतू असतो, तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात. वाकताना बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं. मामांना उजव्या अंगठ्याखाली काहीच लागत नव्हतं. हे कळलं डिसेंबरात, आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा! सिद्धेश्वरांच्या यात्रेत ६८ लिंगांच्या वाटेवर नंदीध्वजांमागे बाराबंदी घालून अनवाणी चालणं त्यांनी तरुणपणापासून चुकवलेलं नाही. बाहेरचा डॉक्टर सरळ नाही म्हणाला असता आणि मामा सरळ गेले असते. हे डॉक्टर इथलेच. त्यांनी सौदा केला. सगळी वाट नाही, थोडी वाट. घरी आल्यावर तळवे आरशात बघायचे, दमलेले पाय गरम पाण्यात अजिबात बुडवायचे नाहीत (जाणीव नसलेल्या पायाला चटका बसलेला कळत नाही), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरला पाय दाखवायला यायचं. दाखवले. अंगठ्याखाली फोड होता, मामांना पत्ताच नाही. ड्रेसिंग करून घेत राहिलो, भरून आला. ही तपासणी झाली नसती तर तो फोड कधी दिसला असता कोण जाणे.

उन्हाळ्याच्या तोंडावर रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. सोलापूरचा मे महिना म्हणजे पारा ४२-४३, त्यात वीज जाणार. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. वापरातली कुपी साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण तीसच्या आसपासच्या तापमानाला. आमच्या पत्र्याच्या खोलीत तीस कुठलं? सिस्टरने उपाय सांगितला. मोठ्या मातीच्या भांड्यात थोडं पाणी, त्यात लहान मडकं, मडक्यात कुपी कोरडी राहील अशी डबीत, वर ओलं फडकं. कोरड्या हवेत हे चांगलं गार राहतं. मला मराठीत सांगून झालं की पुढच्या बाईंना तेच तेलुगूत, त्यानंतरच्या आजोबांना कन्नडमध्ये. आमच्या भागात ही अर्धी वैद्यकी आहे. आणखी एक तिने पाठच करून घेतलं: हातपाय थरथरले, घाम सुटला, तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी मशीनवर बघायचं, मग बाकीचं जेवण.

आहाराचा छापील कागद मिळतो, तो भिकार आहे. ओट्स, ब्राऊन ब्रेड, ऑलिव्ह ऑइल, खाली औषध कंपनीचं चिन्ह. सिस्टरने पेनाने सगळं खोडलं आणि ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ असं लिहून दिलं. शेंगाचटणी चमच्याने मोजून. आमच्याकडे समज असा की भाकरीने शुगर वाढतच नाही, कडक भाकरी तर कितीही खा. भाकरीही मोजूनच, हे मामांना पटवायला तिला बरेच सोमवार लागले.

शुक्रवारचा दम्याचा वार. आत्यांना, सासूबाईंना, थंडीत दम लागतो. पंपाची सवय लागते म्हणून त्या वर्षानुवर्षं गोळ्यांवर होत्या. इथे समजावलं की पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं म्हणून फार कमी मात्रेत भागतं, गोळीचं सगळ्या अंगभर फिरतं. नुसतं सांगून सोडलं नाही. पंप त्यांच्या हातात देऊन, प्लास्टिकचा स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून, समोर ओढायला लावला. पुढच्या वेळी पुन्हा करून दाखवायला सांगितलं, तेव्हा चूक निघाली. औषध ओढल्यावर त्या श्वास रोखतच नव्हत्या. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, हेही तिथेच कळलं.

शेजारचे अण्णा टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मागावर. त्यांचा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तेव्हा डॉक्टरांनी खोकल्याच्या बाटलीआधी थुंकी तपासायला सरकारी केंद्रात पाठवलं, तिथे ती मोफत होते. टीबी निघाला नाही. मग विचारलं, सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का? अण्णा चकित. तसंच होत होतं. सुताच्या धुळीने होणाऱ्या आजाराची ती खूण आहे. मागाच्या शहरात हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जायला हवा. मला तरी तो पहिल्यांदाच ऐकू आला. शुक्रवारची अडचण एकच: फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायची नळी एक, माणसं पन्नास. संध्याकाळी सहाला गेलेली मी नवाला घरी आले आहे.

लसीकरणाचं नणंदेच्या बाळामुळे कळलं. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटाव्हायरस, तसंच न्यूमोनियाची लस सरकारी केंद्रात मोफत आहे. पेंटाव्हॅलंटच्या इथे पैसे देऊन मिळणाऱ्या प्रकारात ताप आणि सूज कमी येते एवढाच ठळक फरक. टायफॉइड, कांजिण्या, फ्लू अशा जादा लसी घ्यायच्या असतील तर इथे या. आपलं गिऱ्हाईक आपणच दुसरीकडे धाडणारा खासगी दवाखाना विरळा. लसींचा फ्रिज वेगळा आहे, त्यावर तापमानाची वही लटकलेली असते आणि मी चाळली तेव्हा दोन्ही वेळच्या नोंदी होत्या. आमच्याकडे वीज कशी जाते ते बघता मी तरी वही बघूनच बाळाला सुई देऊ दिली असती.

शनिवारचं फार लिहिण्यासारखं नाही. नणंदेची बहुतेक तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात, सुरक्षित मातृत्व अभियानात झाली. मॅडमकडे ती अडलं तरच जायची.

आता तक्रारी. पॅकेज ही सगळ्यात मोठी. काउंटरवरचा मुलगा प्रत्येक शुगरवाल्याला थायरॉइड, डी जीवनसत्त्व, बी-१२, हाडं असा गठ्ठा सुचवतो. त्यातलं बी-१२ मामांना खरंच हवं होतं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते उतरू शकतं. क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (दोन्ही किडनीसाठी) आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा लागतेच. बाकीच्यांचं कारण डॉक्टरांना विचारलं, तर ते स्वतःच म्हणाले, ‘नको, राहू द्या.’ मग काउंटरवर बोलायला काय होतं? खालच्या मेडिकलमध्ये ठरावीक कंपन्यांचीच औषधं असतात. औषधाचं मूळ नाव लिहून द्या म्हटलं की डॉक्टर कुरकुर न करता देतात, जनऔषधी दुकानात तेच पुष्कळ स्वस्त पडतं.

लघवीचा नमुना द्यायचं बाथरूम जिना चढून वर आहे. गुडघे धरून चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे बघवत नाही. फोन लागत नाही, लागला तर उचलत नाहीत. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पाण्याचा दिवस आणि तपासणीचा दिवस एकत्र आला की माणूस घागरी सोडून येऊ शकत नाही. तरी तारीख बदलायची तर स्वतः जावं लागतं.

पेठेतली एक तक्रार मात्र मला मान्य नाही. ‘तिथे सलाईन लावत नाहीत, सुईसुद्धा मारत नाहीत’, असं लोक नाराजीने सांगतात. अशक्तपणाला सलाईन लावत नाहीत हे खरं आहे. मी त्याचे वेगळे गुण देते.

फी ३०० रुपये, आठवड्याच्या आत परत दाखवलं तर घेत नाहीत. महात्मा फुले योजनेचं कार्ड चालत नाही, ती योजना मुख्यतः यादीतल्या रुग्णालयांत दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. सोमवारी गर्दी असते, गुरुवारी जा. नंबर साडेसातपासून दारातल्या कागदावर लिहायचा, पेन आपलं न्यायचं. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर डबा बरोबर ठेवा, कारण समोरची चहाची टपरी नवाच्या आत उघडत नाही.