पोराचं माप द्यायला गेलो, घेतलं माझंच

मी टेलर. इचलकरंजीत दुकान टाकून बावीस वर्षं झाली. मे-जूनमध्ये गणवेशाचं काम एवढं असतं की जेवण मशीनवरच होतं. पोरांच्या कमरा मोजण्यातच आयुष्य गेलं म्हणा, तरी स्वतःच्या पोराची कंबर कधी वाढली ते मला कळलं नाही. त्याची पँट मीच शिवतो. मागं इलॅस्टिक घालतो, शिवणीत दोन बोटं माया सोडतो. दरवर्षी माया उसवायची, कंबर मोकळी करायची, झालं. पूर्वी पाचवीच्या पोराला २४ कंबर धरून मी डोळे झाकून कापड कापायचो. आता २८-३० आली तरी नवल वाटत नाही. इलॅस्टिक तक्रार करत नाही ना.

शाळेच्या तपासणीत चिठ्ठी आली म्हणून कोल्हापुरातल्या एका मुलांच्या वजनाच्या क्लिनिकात गेलो. पुढं तक्रारीही लिहिणार आहे, म्हणून नाव टाकत नाही. सहा महिन्यांचा कार्यक्रम, आठ भेटी, ९,५०० रुपये, रक्त-लघवी तपासणी वेगळी. माझ्यासारख्याला ही रक्कम म्हणजे एका शाळेच्या ऑर्डरीतली कमाई, म्हणून जरा मोकळंच लिहितो.

आधी वाईट. वजनाचा काटा बाहेर, बाकांच्या समोरच. काउंटरवरची बाई आकडा मोठ्यानं वाचून दुसरीला लिहायला सांगते. "एक्कावन्न!" वीस माणसं ऐकतात. माझं पोरगं अकरा वर्षांचं. परतीच्या एसटीत हातकणंगलं जाईपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसलं. दुसऱ्या भेटीत मी डॉक्टर मॅडमना सांगितलं की माझ्या दुकानातसुद्धा बायकांची मापं पडद्यामागं घेतात. तिसऱ्या भेटीला काटा आतल्या खोलीत गेलेला दिसला. ऐकून घेतात, हे मान्य. पण आधी कुणाच्या डोक्यात आलं नाही, याचे गुण कापणारच.

दुसरं म्हणजे आहाराचा छापील कागद. ओट्स, ब्रोकोली, अ‍ॅव्होकॅडो. आमच्या बाजारात अ‍ॅव्होकॅडो मागितला तर भाजीवाला मलाच विचारेल, हे कोणत्या कंपनीचं? काउंटरवर प्रोटीन पावडरचे डबेही मांडलेत. मॅडमनी ते आम्हाला कधी घ्यायला सांगितले नाहीत. मग ठेवलेत कशाला?

आता चांगलं, आणि ते फार चांगलं आहे. पहिल्या भेटीत फॉर्म भरायला दिला, त्यात पोराबद्दल एक पान आणि आमच्याबद्दल दोन. घरात कुणा पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयविकार झाला का, असा एक प्रश्न. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते, रात्रपाळीत छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. बावन्न वर्षांचे. हे मी लिहिलं, आणि मॅडमनी पोराला बाजूला बसवून मला समोर घेतलं.

टेप त्यांनी हातात घेतला तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, माझी कंबर ३६. रोज मीच शिवतो." त्या म्हणाल्या, "पँटची ३६ असेल. पँट कुठं बांधता?" बरोबर पकडलं. आम्ही पोटाच्या खाली बेल्ट लावतो, पोट वर मोकळं सोडतो, आणि माप मात्र बेल्टचं सांगतो. त्यांनी शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावला आणि श्वास सोडायला सांगितला. ४१ इंच. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, ही हद्द. बावीस वर्षं मी स्वतःला पाच इंच कमी शिवत होतो!

पोराचं माप घेण्याची त्यांची रीत मला फार आवडली. उंचीएवढा दोरा घ्यायचा, मधोमध दुमडायचा आणि कमरेभोवती गुंडाळायचा. टोकं जुळली तर ठीक, मधे फट राहिली तर पोट वाढलंय. पोराची उंची १४२ सेंटीमीटर, कंबर ७८. सात सेंटीमीटरची फट. दोरा असा उघड्यावर पाडेल असं वाटलं नव्हतं.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा पोराचे थोडे वर होते, माझे पार गेलेले. वाईट कोलेस्टेरॉल १६८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०, प्रेशर १५०/९६. मला काहीच होत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, जाड मूल आलं की त्याच्यामागं आईबापाची छाती बघायची. रक्त एक, चूल एक, संध्याकाळचा टीव्हीही एक. अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या बोगालुसा या गावात १९७३ पासून पोरांच्या तपासण्या झाल्या. पुढं अपघातात वगैरे दगावलेल्या तरुणांच्या हृदयाच्या धमन्या उघडल्या तर त्यात चरबीच्या रेघा होत्या, आणि जिवंतपणी ज्याचं वजन, प्रेशर, कोलेस्टेरॉल जास्त, त्याच्या रेघा जास्त. हे ऐकताना माझं लक्ष पोराकडं होतं. ते भिंतीवरच्या सापशिडीच्या चित्रात रमलेलं.

मानेचं सांगायचं राहिलं. पोराच्या मानेवर काळा पट्टा आला होता. आमची आई दर रविवारी बेसन-दही लावून घासायची, "अंघोळ नीट करत नाहीस" म्हणून ओरडायची. मी कॉलरची घामाची रेघ समजायचो. मॅडमनी बोट लावून सांगितलं, हा मळ नाही, शरीरात इन्सुलिन चढं राहतंय त्याची खूण आहे. आई त्या दिवसापासून घासत नाही. दोनतीनदा पोराजवळ जाऊन मान नुसती कुरवाळलेली मी पाहिली.

आईला दोष देऊ नका, हेही मॅडमच म्हणाल्या. पोरगं जन्मलं तेव्हा दोन किलो चारशे होतं. माझ्या आईनं तूप-गूळ-भाताचे गोळे भरवून ते वर आणलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केलाय. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्यांचं वजन कमी असलं तरी चरबी तेवढी कमी नसते, मांस कमी असतं. वरून बारीक, आतून गुबगुबीत. अशा बाळाला 'अशक्त' म्हणून भराभर भरवलं की पुढं ओझं होतं. हे ऐकून आई गप्प झाली, मग म्हणाली, "तवा कुणी सांगितलं न्हाई."

कार्यक्रमाचा गाभा असा की मुलाला एकट्याला पथ्य देतच नाहीत. अमेरिकेत एपस्टाईन नावाच्या संशोधकांनी मूल आणि पालक दोघांना एकत्र धरून काम केलं, त्याचा दहा वर्षांचा हिशोब १९९० मध्ये छापला. जोडीनं धरलेली पोरं टिकली, म्हणे. त्यांच्याच सिग्नलच्या पद्धतीवर खाण्याचे तीन रंग आहेत: हिरवं रोज, पिवळं बेतानं, लाल मोजून. आहाराच्या ताईंनी शेवटी तो अ‍ॅव्होकॅडोचा कागद फाडला आणि आमच्या खाण्यावर खुणा केल्या. ज्वारीची भाकरी, मटकी, ताक हिरवं. पांढरा रस्सा पिवळ्यात. कटवडा, भडंग, शाळेबाहेरची लाल सरबताची पिशवी लालमध्ये. मी कॅलेंडरवर शिंप्याच्या लाल खडूनं खुणा करायला लागलो. आठवड्याला तीन लाल, मला आणि त्याला सारखेच. एकदा मी दुकानात चोरून कटवडा खाल्ला आणि पोरानं शर्टावरचा डाग बघून माझ्या नावापुढं रेघ मारली.

व्यायामाबद्दल मॅडमनी विचारलं, तुमचं वजन कधीपासून वाढलं. मी आठवून सांगितलं, मशीनला मोटर बसवली तेव्हापासून. आधी दिवसभर पायानं पायटा मारायचो. मोटर काढ म्हणाल्या नाहीत, हंगामात ते परवडणारच नाही. रात्री दुकान बंद करून दोघांनी पाऊण तास चालायचं ठरलं. पोराला दिवसात एकूण साठ मिनिटं हवीत, उरलेली तो मैदानात काढतो. पहिले पंधरा दिवस रडत आला.

सहा महिन्यांनी पोराचं वजन ५० किलो, म्हणजे एकच किलो कमी. हे बघून आमची मंडळी भडकली, साडेनऊ हजारात एक किलो? पण उंची १४५ झाली होती, कंबर ७८ ची साडेत्र्याहत्तर. वाढत्या मुलाचं वजन पाडायचं नसतं, उंची वाढून वजनाला गाठेल एवढं बघायचं असतं, हे मॅडमनी पहिल्या भेटीत नीट सांगितलं असतं तर घरातला तो वाद वाचला असता. दोऱ्याची फट आता एक सेंटीमीटर उरली. माझं वजन ७८ वरून साडेबहात्तर, दोन गोळ्या चालू, प्रेशर आटोक्यात. पँट मी आता खऱ्या कमरेवर शिवतो, मशीनपुढं बसल्यावर पोटात टोचते.

पाचपैकी पावणेचार. जाणार असाल तर शनिवार टाळा, अडीच तास बसावं लागतं. मंगळवारी सकाळी नऊला गर्दी नसते. आणि मुलासकट आईबापांनीही उपाशीपोटी यायचं असतं, हे फोनवर कुणी सांगत नाही. आम्ही पहिल्या वेळी स्टँडवर चहा-बटर खाऊन गेलो आणि रक्तासाठी दुसरा हेलपाटा पडला.