पुन्हा गॅस भरायचा की एसीच बदलायचा?

जुना एसी दुरुस्त करावा की नवा घ्यावा, या घोळात माझे तीन उन्हाळे गेले. शेवटी नवा घेतला. तरी सगळ्यांनी सरसकट तेच करावं असं मी म्हणणार नाही.

मोटर सुरू करून देणारा छोटा भाग, म्हणजे कॅपॅसिटर गेला, पंख्याची मोटर कुरकुरायला लागली, ड्रेन पाइप तुंबून भिंतीवर ओघळ आले, तर एसी दहा-बारा वर्षांचा असला तरी बिनदिक्कत दुरुस्त करावा. माझ्या एसीचा कॅपॅसिटर दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा मशीन तासाभरात पूर्ववत झालं. वॉरंटी संपल्यावर कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बसला, तर मात्र फार विचार न करता नवा एसी घ्यावा.

मला छळलं ते गॅसने. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. पण दर उन्हाळ्यात मेकॅनिक यायचा, गॅस भरून जायचा आणि महिन्या-दोन महिन्यांत कॉइलच्या, म्हणजे गॅस फिरतो त्या वळणावळणाच्या नळ्यांच्या, एका कोपऱ्यावर बर्फाचा पांढरा थर धरायचा. तिसऱ्या वर्षी मी हट्टच धरला, आधी गळती शोधा. त्याने सांध्यांवर साबणाचा फेस लावला, तिथे काहीच नाही. मग कॉइलच्या वळणांवर लावला. टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले, तेही तीन ठिकाणी.

गळती सांध्यात असती तर मी दुरुस्तीच केली असती. सांधा नीट करायचा, नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम करायचा, गॅस वजन करून भरायचा, संपलं. कॉइलच सडली असेल तर एक भोक बुजवावं आणि शेजारी दुसरं पडावं. त्यात माझा गॅस आर-२२, ओझोनच्या थराला घातक. माँट्रियल करारानुसार विकसित देशांनी तो २०२० मध्ये बंद केला, विकसनशील देशांना २०३० पर्यंत मुदत आहे. त्याच्या जागी नव्या एसींतला आर-३२ गॅस भरता येत नाही. त्याचा दाब साधारण दीडपट असतो, जुनं मशीन त्यासाठी बनलेलंच नसतं.

कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणाऱ्या नव्या इन्व्हर्टर एसीलाही खोड आहे. त्याचा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, नाजूक आणि महाग असतो, शिवाय प्रत्येक मेकॅनिकला तो जमतोच असं नाही. जुन्याच्या दुरुस्तीतला सुटसुटीतपणा इथे नाही, हे कबूल करायला हवं. पण रात्री कॉम्प्रेसर धाडकन सुरू होऊन झोपमोड व्हायची, ती थांबली. आता तो मंद गतीने चालतच राहतो आणि पहाटे पांघरूण ओढा-काढायचा खेळ उरलेला नाही.

अजून ठरत नसेल तर एक करा. गॅस भरला की ती तारीख बाहेरच्या युनिटवर मार्करने लिहून ठेवा. वर्षाच्या आत तिच्याखाली दुसरी तारीख लिहायची वेळ आली, तर गॅस भरण्याआधी कॉइलला फेस लावायला सांगा. बुडबुडे कॉइलवर दिसले, तर मी असतो तर त्या दिवशी गॅस भरू दिला नसता.