हम्पी की विजापूर? कोल्हापुरातून निघताना

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे हा प्रश्न हमखास निघतो. जुनी राजधानी बघायची आहे, गाडी घरची आहे, दिवस मोजके आहेत. हम्पीला जावं की विजापूरला?

हम्पी म्हणजे जुन्या विजयनगर साम्राज्याची राजधानी आणि विजापूर आदिलशाहीची. ही दोन्ही शहरं एकमेकांची वैरी होती. २३ जानेवारी १५६५ रोजी विजापूरच्या आदिलशहासह दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा कारभार चालवणाऱ्या रामरायाला हरवलं. ही लढाई कृष्णाकाठी झाली. नरसोबाच्या वाडीला आपली पंचगंगा मिळते तीच ही कृष्णा, पुढे कर्नाटकात गेलेली. त्यानंतर विजयनगर कित्येक महिने लुटलं आणि जाळलं गेलं. राजधानी म्हणून ते पुन्हा उभं राहिलं नाही. विजापूर मात्र या विजयानंतर बहरलं. म्हणून आज हम्पीत राजवाड्यांच्या जोत्यांवर ऊन पडलेलं असतं आणि विजापुरात बाराकमान या अर्धवट राहिलेल्या मकबऱ्याच्या आसपास बाजार, शाळा, रिक्षा असं सगळं चालू असतं.

माझं मत आधीच सांगतो. आख्खं शहर कसं वसवलं होतं हे समजून घ्यायचं असेल तर हम्पी गाठा. एकेक इमारत डोळे भरून बघायची असेल तर विजापूरला जा.

हम्पीत लोक विरूपाक्ष मंदिर आणि विठ्ठल मंदिरातला दगडी रथ बघतात, फोटो काढतात आणि परततात. रथ सुंदरच आहे, पन्नासच्या नोटेवर आहे. शिवाय विठ्ठल म्हटल्यावर आपल्या माणसाचा पाय तिथे जरा जास्तच रेंगाळतो. पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने इकडे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली असते. पण हम्पी खरं कळतं ते राजवाड्याच्या आवारात. तिथे काळसर दगडाची पायऱ्यांची पुष्करणी आहे. १९८०च्या दशकातल्या उत्खननात ती सापडली. तिच्याजवळ जाऊन दगड नीट बघा. त्यांवर खुणा कोरलेल्या आहेत: हा दगड कोणत्या दिशेचा, कितव्या ओळीतला. म्हणजे दगड आधी घडवले, मग खुणेबरहुकूम बसवले. शेजारी दगडी खांबांवरून गेलेली पाण्याची पन्हळ दिसते. तिच्या मागोमाग नजर नेली की एवढ्या रखरखीत खडकांत लाखोंची वस्ती पाण्यावाचून कशी अडली नाही, ते उमगायला लागतं. महाल लाकडी होते, ते जळाले. उरली ती जोती. हजारराम मंदिराच्या भिंतीवर मात्र रामायण ओळीने कोरलेलं आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना प्रसंग ओळखायला सांगा, तासभर हलणार नाहीत.

याची किंमत पायांनी मोजावी लागते. अवशेष कित्येक किलोमीटर पसरलेले आहेत, खडक अकरा वाजताच तापतात आणि सावली कमी. विठ्ठल मंदिराच्या वाटेवर बॅटरीवरच्या गाड्या आहेत, पण बाकी चालणं चुकत नाही. दोन पूर्ण दिवस हाताशी नसतील तर हम्पीला जाऊच नये, असं मी ठामपणे सांगेन. एका दिवसात नुसती धावपळ होते आणि घरी आल्यावर सगळी देवळं एकसारखी आठवतात.

विजापूर एका दिवसात बऱ्यापैकी होतं. मिरज-अथणी रस्त्याने अंतर साधारण पावणेदोनशे किलोमीटर. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाआधी पोचता. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी तिथेही आहे, त्यामुळे घरच्या ज्येष्ठांचे हाल होत नाहीत. गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर, तो १६५६ साली वारला. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आणि आत मधे एकही खांब नाही. खाली उभं राहून मान वर करा. चौकोनी भिंतींतून कमानी एकमेकींना छेदत वर गेल्या आहेत आणि त्यांच्या त्या गुंफणीतून चौकोनाचा गोल झाला आहे. घुमटाचा सगळा भार या कमानींनी पेलला आहे. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने वर गेलं की कुजबुजीची गॅलरी लागते. भिंतीशी पुटपुटलेलं पलीकडच्या टोकाला ऐकू येतं. मात्र हे सकाळी लवकर करा. शाळांच्या सहली आल्या की नुसता आरडाओरडा घुमत राहतो आणि मजा जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी जिना टाळावा, घुमटाचं खरं आश्चर्य खालूनही दिसतं.

नाजूक काम बघायचं तर इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर. खिडक्यांच्या दगडी जाळ्या अक्षरांतूनच विणलेल्या आहेत, प्रकाश त्या अक्षरांच्या फटींतून आत येतो. मला गोलघुमटापेक्षा हाच जास्त आवडतो. मुलूखमैदान तोफ अहमदनगरला १५४९ साली ओतलेली, वजन ५५ टनांच्या घरात. ती वाटेवरच आहे, बघून घ्या. आणि ओसाड राजनगराचीच ओढ असेल तर शहराच्या पश्चिमेला तोरवीजवळ नवरसपूर आहे. दुसऱ्या इब्राहिमने ही नवी राजधानी उभारायला घेतली, १६२४ मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरने ती उद्ध्वस्त केली. संगीत महालाचे अवशेष अजून उभे आहेत, गर्दी अजिबात नसते.

पन्हाळ्यावर ज्यांचा जीव आहे त्यांनी विजापूर चुकवू नये. पन्हाळा किती वर्षं आदिलशाहीत होता! तीन दरवाजाच्या कमानी ज्या कारागिरीतून आल्या, तिचं माहेर इथे बघायला मिळतं.

हम्पीला गाडीने बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ असं साडेतीनशेच्या वर अंतर पडतं. जाताना गदगजवळ लक्कुंडीची चालुक्य मंदिरं बघायला तासभर थांबा. रेल्वेने जायचं तर तिरुपतीची हरिप्रिया एक्स्प्रेस होसपेटवरून जाते, वेळ आधी पाहून घ्या. मुक्काम होसपेटला किंवा कमलापूरला करावा.

तर हिशेब असा: हाती एक रात्र आणि बरोबर आई-वडील, विजापूर. तीन दिवस आणि चालणारी मंडळी, हम्पी. पाच दिवस मिळत असतील तर आधी हम्पी, मग कुष्टगी-इलकल रस्त्याने विजापूर आणि अथणीवरून घरी. हा क्रम उलटा करू नका. लुटलेलं शहर आधी पाहिलं असेल, तर जिंकणाऱ्यांनी पुढे काय बांधलं ते बघताना प्रत्येक इमारतीचा संदर्भ लागतो.