पाचट कुट्टी यंत्र भाड्याने : एका हंगामाचा अनुभव

थेऊर परिसरातील आमच्या दोन एकर उसाची तोड जानेवारीच्या अखेरीस झाली. या वेळी पाचट (तोडीनंतर शेतात उरणारा उसाचा वाळलेला पाला) पेटवायचे नाही असे ठरवून मी जवळच्या एका व्यावसायिकाकडून ट्रॅक्टरवर चालणारे कुट्टी यंत्र भाड्याने घेतले. आईला दमा आहे. थंडीत रात्री जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही, त्यामुळे पेटलेल्या फडाचा धूर सकाळपर्यंत वस्तीवरच साचून राहतो आणि त्यातले 2.5 मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसात खोलवर उतरतात. गेल्या वर्षी शेजारचा फड पेटला त्या रात्री आईला पहाटेपर्यंत आडवे होता आले नव्हते.

यंत्राच्या कामाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. चालकाने आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळायला आणि दगड वेचायला सांगितले, कारण दगड लागला की पाती खराब होतात. दोन एकरांचे काम चार तासांत झाले, पाचटाचे बोटभर तुकडे सरीत सारखे पसरले आणि बुडखेही जमिनीलगत छाटले गेल्याने त्यासाठी वेगळे मजूर लावावे लागले नाहीत. फक्त बांधालगत, ट्रॅक्टर वळतो तिथले पाचट हाताने ओढावे लागले. नंतर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी दिले. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब असतो, आणि काडी लावली की यातले बहुतेक सारे धुरावाटे निघून जाते.

एकरी 2,500 रुपये भाडे मला रास्त वाटले. तक्रार आहे ती प्रतीक्षेची. नोंदणीनंतर यंत्र यायला नऊ दिवस लागले, आणि खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची) मशागत लांबू लागली की माणूस नाइलाजाने पेटवतो. शेजाऱ्यांनी सहा दिवस वाट पाहून तेच केले, त्यांना दोष देणे मला जमत नाही. ऐन हंगामात या व्यावसायिकाने दुसरे यंत्र ठेवायलाच हवे. पुढच्या वर्षी तोडीची तारीख कळताच मी शेजाऱ्यांचे आणि माझे नाव एकत्रच नोंदवणार आहे.