हिरवळीसाठी रोबो घ्यावा की ढकलयंत्र? बेळगाव परिसरातील घरांसाठी तुलनात्मक आढावा

टिळकवाडी, हिंदवाडी किंवा कॅम्पातील जुन्या बंगल्यात ज्यांच्याकडे दोन-चार गुंठ्यांची हिरवळ आहे, त्यांच्यापुढे दर पावसाळ्यात तीच अडचण उभी राहते. पंधरा दिवसांत गवत वीतभर वाढते आणि नेमक्या त्याच वेळी माळी भाताच्या लावणीला गावी गेलेला असतो. अशा वेळी आपोआप गवत कापणारा रोबो घ्यावा, की विजेवर चालणारे ढकलयंत्र घेऊन घरच्यांनीच आठवड्याला तासभर फिरवावे, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. रोबोतही मुख्यतः दोन प्रकार आहेत: हिरवळीच्या कडेने घातलेल्या तारेच्या आत फिरणारा, आणि तारेशिवाय उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःची जागा ओळखणारा. हिंदवाडीतील घरी मी तारेचा रोबो तीन पावसाळे वापरला आहे, आणि खानापूर रस्त्यावरील मेव्हण्यांच्या फार्महाऊसवर उपग्रहाचा रोबो बसवताना पहिल्या दिवसापासून हजर होतो. या दोन्ही अनुभवांवरून माझे मत असे झाले आहे की, यंत्राच्या माहितीपत्रकापेक्षा आपल्या आवारातील सावली, माती आणि जुलैतला चिखल पाहून हा निर्णय घ्यावा.

प्रथम कापणीची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण बाकीचे बहुतेक फरक तिच्यातूनच निघतात. ढकलयंत्रात एक जड, आडवे पाते वेगाने फिरते; आठवड्याची वाढ ते एका फेरीत उतरवते आणि कापलेले गवत मागच्या पिशवीत जमा होते. रोबोच्या पोटाशी तबकडी असते आणि तिच्या कडेला ब्लेडसारखी छोटी, धारदार पाती सैल अडकवलेली असतात. तो रोज किंवा दिवसाआड निघतो, गवताचे फक्त शेंडे कापतो आणि ते बारीक तुकडे तिथेच पडून मातीत कुजतात. एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, हा हिरवळीचा जुना नियम रोबोकडून आपोआप पाळला जातो. पंधरा दिवसांनी येणाऱ्या माळ्याकडून तो नेमका मोडला जातो आणि कापणीनंतर हिरवळ कित्येक दिवस पिवळी दिसते. गवताचा पोत आणि रंग एवढेच पाहायचे असेल तर रोबो सरस आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र उंच वाढलेले गवत त्याला झेपत नाही. दोन-तीन आठवडे यंत्र बंद राहिले, तर आधी ढकलयंत्राने किंवा खांद्यावरच्या ब्रश कटरने कापून घ्यावे लागते आणि मगच रोबो पुन्हा सोडता येतो. म्हणजे रोबो घेतला तरी दुसरे साधन घरात किंवा शेजारी असावेच लागते.

गवताची जातही पाहावी. हरळीच्या सुधारित जातींना वारंवार आणि आखूड कापणी मानवते, त्यामुळे त्यांच्यावर रोबो उत्तम चालतो. रोपवाटिकांत कोरियन या नावाने मिळणारे मऊ गवत मात्र काही वर्षांत उशीसारखे उंचवटे धरते. त्यावर लहान चाकांचा रोबो हेलकावे खातो आणि उंचवट्यांचे माथे सोलून काढतो. अशी हिरवळ असेल तर ढकलयंत्रच बरे.

मोजमापाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, अर्थात सुमारे 101 चौरस मीटर. रोबोच्या खोक्यावर 500 चौरस मीटर लिहिले असेल, तर ते जवळजवळ पाच गुंठे झाले. पण ती क्षमता मोकळ्या, सलग जागेसाठी आणि यंत्र दिवसाचे बरेच तास चालेल असे धरून सांगितलेली असते. घर, विहीर, गाडीची जागा, तुळशीवृंदावन आणि फुलांचे वाफे वजा करून केवळ हिरवळ मोजावी आणि तिच्या दीडपट क्षमतेचे यंत्र पाहावे. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधून उरलेल्या दोन-अडीचशे चौरस फुटांसाठी रोबोचा विचारच करू नये. तिथे विजेचीही गरज नसलेले, दंडगोलाकार पात्यांचे हातयंत्र दहा मिनिटांत काम उरकते.

आता तार की उपग्रह, हा खरा विचार करण्याचा भाग. तारेच्या पद्धतीत हिरवळीच्या सीमेवरून आणि प्रत्येक झाड-वाफ्याभोवतून एक सलग तार फिरवून तिची दोन्ही टोके चार्जिंगच्या ठाण्याला जोडतात. तारेतून अगदी कमी दाबाचा संकेत वाहतो, त्याचे चुंबकीय क्षेत्र रोबोला जाणवते आणि तो तारेपाशी आला की वळतो. आत तो आडवातिडवा, वाटेल तसा फिरतो. पाहणाऱ्याला ते अव्यवस्थित वाटते, पण आठवड्याभरात हिरवळ सारखी होते. उपग्रहाच्या पद्धतीत गच्चीवर किंवा अंगणात एक स्थिर अँटेना बसवतात. ती उपग्रहांच्या संकेतांतील चुका मोजून रोबोला सतत कळवते, आणि त्यामुळे रोबोला आपली जागा दोन-तीन सेंटिमीटरच्या अचूकतेने समजते. सीमा आखण्यासाठी मोबाइलवरून रोबोला एकदा कडेने चालवून आणले की पुरे. त्यानंतर तो ओळीने, पट्ट्यापट्ट्यांनी कापतो आणि वेळ व बॅटरी दोन्ही वाचवतो. पुढे वाफा सरकवायचा झाला तर तारवाल्याला जमीन उकरावी लागते. उपग्रहवाल्याने नकाशा बदलला की झाले.

एवढे वाचून कोणीही उपग्रहाचाच रोबो निवडेल. पण त्याला मोकळे आकाश लागते, आणि आपल्या जुन्या बंगल्यांत नेमके तेच कमी असते. आंबा, फणस आणि माडांची दाट सावली, शेजारची दोन-तीन मजली भिंत, मधला अरुंद बोळ अशा जागी उपग्रहांचे संकेत अडतात किंवा भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतात, आणि रोबो तिथेच थांबतो. मेव्हण्यांच्या मोकळ्या माळावर जो रोबो दोरी धरल्यासारखा सरळ चालतो, तोच आमच्या आंब्याखाली आणून पाहिला तेव्हा दर काही मिनिटांनी उभा राहत होता. कॅमेरा किंवा लेसरने भोवताल ओळखणारी नवी यंत्रे ही उणीव बरीच भरून काढतात. त्यातही लेसरच्या यंत्राला आजूबाजूच्या भिंती आणि बुंधे उलट उपयोगी पडतात, म्हणून झाडीच्या आवारासाठी तारेला पर्याय शोधायचाच असेल तर तो तिकडे शोधावा. तारेच्या रोबोला सावलीशी काही देणेघेणे नसते.

तारेचे दुखणे मातीत आहे. बेळगाव-खानापूरकडची तांबडी, मुरमाड माती मे महिन्यात दगडासारखी होते. तार दाबून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्या तेव्हा ठोकल्या तर मोडतात. बैलहोंगल किंवा अथणीकडच्या काळ्या रानात याच्या उलट संकट आहे. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आणि खोल पुरलेली तार त्या ताणाने तुटू शकते. म्हणून काळ्या मातीत तार पुरू नये. पृष्ठभागावरच खुंट्यांनी ठोकावी, जागोजागी थोडी सैल सोडावी आणि गवताला तिच्यावरून वाढू द्यावे. काही आठवड्यांत ती दिसेनाशी होते. आमची तार दुसऱ्या वर्षी नळाची चर खणताना कुदळीने तुटली. यंत्र आणून देणाऱ्यांनी जोड साध्या चिकटपट्टीने करून दिला होता. तो पहिल्याच पावसात गंजला आणि दोष कुठे आहे हे शोधण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून भिंतीपासूनच्या अंतरांसह तारेचा नकाशा मी वहीत काढून ठेवला आहे, आणि आत पाणी शिरू न देणारे जेलचे जोड घरात ठेवतो. तार बसवणाऱ्या प्रत्येकाने या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पावसाचा विषय माहितीपत्रकांत एका ओळीत संपवलेला असतो, आणि आपल्यासाठी तोच सर्वांत मोठा आहे. अथणीकडे वर्षभरात पडतो त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस बेळगाव शहरात पडतो, आणि कणकुंबी-जांबोटीकडे तर त्याहून कितीतरी जास्त. जुलैत येथे आठ-आठ दिवस झड लागते. रोबो पावसात भिजून बिघडत नाही, तो तसाच बनवलेला असतो. प्रश्न चाकांचा आणि जमिनीचा आहे. भिजलेल्या मातीवर तो रोज त्याच वाटेने ठाण्याकडे परतला की चाकोरी पडते, गवत मरते आणि तिथे चिखल होतो. ओले तुकडे तबकडीच्या खाली चिकटून गोळा होतात. पाऊस जाणवताच थांबण्याची सोय सुरू ठेवावी, तर झडीत यंत्र दिवसच्या दिवस बाहेर पडत नाही आणि उघडीप होईपर्यंत गवत त्याच्या आवाक्याबाहेर जाते. यावर मला सापडलेला मार्ग असा: जून ते सप्टेंबर कापणीची उंची पाच-सहा सेंटिमीटरवर ठेवावी, पावसात थांबण्याची सोय बंद करून फेऱ्या मात्र निम्म्या कराव्यात, ठाण्यासमोरच्या वाटेवर फरश्या बसवाव्यात आणि आठवड्याला एकदा यंत्र बंद करून, उलटे करून, हातमोजे घालून ब्रशने तबकडी साफ करावी. पाण्याचा जोरदार फवारा तिच्यावर मारू नये. उतारावर, ओल्या गवतात, मागच्या दोनच चाकांना गती असलेले यंत्र घसरते. जागेला चढ असेल तर चारही चाके ओढणारे यंत्रच घ्यावे, नाहीतर त्या भागापुरते ढकलयंत्र वापरावे. माझ्या मते पावसाळ्याच्या या परीक्षेत ढकलयंत्र रोबोइतकेच अडखळते, फरक इतकाच की उघडीप मिळालेल्या एका दुपारी ते सगळी थकबाकी फेडू शकते.

एप्रिल-मेचा वळीव वेगळा धोका आणतो. अंगणभर पसरलेली तार विजेच्या कडकडाटात अँटेनासारखी वागते. जवळपास वीज पडली तर तारेत निर्माण होणाऱ्या विद्युतदाबाने ठाण्यातील सर्किट जळू शकते. आभाळ भरून आले की ठाण्याचा प्लग काढावा आणि तारेची टोकेही सोडवून ठेवावीत. वीज गेली तर तारेतील संकेत बंद पडतो आणि रोबो असेल तिथे उभा राहतो. वीज आल्यावर पुन्हा चालू लागतो. ठाण्याला लागणारी वीज अल्प असल्याने ते घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालते, आणि उपग्रहाच्या अँटेनालाही तीच जोडणी द्यावी. वीजबिलाची चिंता कोणत्याच पर्यायात करण्याचे कारण नाही: 1200 ते 1600 वॅटचे ढकलयंत्र आठवड्याला तासभर चालते आणि लहान रोबो महिनाभर चालतो, दोन्हींचा खर्च महिन्याला काही युनिटांतच राहतो.

सुरक्षिततेबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. रोबो उचलला किंवा कलंडला की पाती थांबतात, पण समोर आलेली लहान वस्तू तो बहुधा स्पर्शानेच ओळखतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2021 मध्ये 18 रोबोंची साळिंदरासारख्या काटेरी, छोट्या हेजहॉग प्राण्यांवर चाचणी घेतली, तेव्हा एकही यंत्र स्पर्शाआधी थांबले नाही. आपल्या अंगणात पावसाळ्याच्या रात्री बेडूक असतात, मांजरीची पिल्ले असतात. म्हणून यंत्र फक्त दिवसा चालवावे. लहान मुले अंगणात असताना ते ठाण्यावरच असावे. पडलेल्या कैऱ्या, माडाची झावळी आणि क्रिकेटचा चेंडू रोज सकाळी उचलावा लागतो, हेही रोबोबरोबर घरात येणारे काम आहे. ढकलयंत्रात धोका पात्यापाशी आणि वायरवर असतो. ओल्या गवतात वायरीचे यंत्र वापरू नये आणि बॅटरीचे यंत्र परवडत असेल तर तेच घ्यावे.

परदेशातील मुलांकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेतून आणलेल्या यंत्राचे ठाणे 120 व्होल्टचे असू शकते, आणि तेथील उपग्रह-रोबोची अँटेना अनेकदा 915 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलते. त्या लहरींच्या आसपास आपल्याकडे मोबाइल सेवा चालते. परवान्याशिवाय वापरण्यास खुला पट्टा 865 ते 868 मेगाहर्ट्झ आहे. शिवाय 160 वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. तारेच्या रोबोला यांपैकी लहरींची अडचण नाही, बाकीच्या आहेत.

दुरुस्तीचा विचार शेवटी येतो, पण खरेदीआधी करावा. ढकलयंत्राचे पाते, चाक किंवा धुरा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कोणताही कुशल कारागीर घासून, वळवून किंवा नवा करून देतो. रोबोची पाती महिन्या-दोन महिन्यांनी बदलावी लागतात आणि ते घरी जमते. मात्र त्याचे सर्किट बिघडले तर यंत्र पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवावे लागण्याची तयारी ठेवावी. आमचे यंत्र एकदा पावसाळ्याच्या ऐन मध्यावर पाच आठवडे बाहेर राहिले. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: सुटे भाग भारतात मिळतात का, यंत्र नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, आणि बॅटरीला वेगळी हमी किती वर्षांची.

म्हणून दोन गुंठ्यांपर्यंतच्या हिरवळीसाठी मी ढकलयंत्र सुचवतो. किमतीत रोबो त्याच्या कित्येक पटींनी महाग आहे आणि वाचणारा वेळ आठवड्याला तासाभराचाच आहे. गुडघ्यांचा त्रास असलेले ज्येष्ठ एकटे राहत असतील, तर मात्र दोन गुंठ्यांसाठीही रोबो योग्य ठरेल, पण झावळ्या उचलायला आणि तबकडी साफ करायला आठवड्याला कोणीतरी येणार असेल तरच. तीन गुंठ्यांच्या पुढे, झाडांच्या जुन्या आवारात तारेचा रोबो घ्यावा. मोकळ्या फार्महाऊसवर उपग्रहाचा. उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाचे पाणी कमी होते आणि नळ चार-आठ दिवसांनी येतो, अशा भागात हिरवळ सुकलेलीच राहते. तिथे वर्षातून पाच महिने ठाण्यावर बसून राहणाऱ्या यंत्रात पैसे गुंतवण्यापूर्वी हिरवळच निम्मी करून उरलेल्या जागी फुलझाडे लावण्याचा विचार जरूर करावा.

रोबो घ्यायचे ठरले, तर तो ऑक्टोबरच्या सुरुवातीस बसवावा. तेव्हा माती खुंटी घेण्याइतकी ओलसर असते, चिखल ओसरलेला असतो आणि गवताची वाढ मंदावत असल्याने यंत्राची व आपली ओळख होण्यास पुढचा पावसाळा येईपर्यंत आठ महिने मिळतात.