गायगर काउंटर : आठ महिने वापरून मग लिहितोय

बोईसरला राहतो, तारापूरचं अणुशक्ती केंद्र इथून जवळच, त्यात 2018 पासून डहाणू-तलासरीकडे जमीन सारखी हलतेय, त्यामुळे जरा भांडी वाजली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ‘प्लांट ठीक आहे ना?’ शेवटी वैतागून रेडिएशन मोजायचा हा काउंटर ऑनलाइन मागवला, साडेसहा हजारांचा.

पहिल्या रात्री त्याची टकटक ऐकून आई उठून बसली, तिला वाटलं लीकेज. अगं काही नसलं तरी मिनिटाला वीसेक टिक होतातच, जमिनीतून, आकाशातून थोडं रेडिएशन येतच असतं. हॉलमध्ये तासाला 0.12 मायक्रोसिव्हर्ट (अंगाला लागणारं रेडिएशन मोजायचं माप), चिंचणीच्या बीचवर 0.10, आणि सगळ्यात जास्त कुठे, तर आमच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर, 0.21! ग्रॅनाइटमध्ये थोडं युरेनियम-थोरियम असतंच, पण आईने आठवडाभर पोळ्या डायनिंग टेबलावर लाटल्या.

बॉक्सवर ‘फूड टेस्टिंग’ लिहिलंय ती निव्वळ थाप. सातपाटीचे बोंबील, पापलेट सगळ्यांवर धरून बघितला, आकडा ढिम्म, पण म्हणून मासा क्लीन असं नाही, एवढ्याशा ट्यूबला तेवढं बारीक कळतच नाही, त्याला लॅब लागते. ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तर विसराच, तारापूरच्या 3 आणि 4 नंबरसारख्या जड पाण्याच्या रिअॅक्टरमध्ये ते तयार होतंच, पण त्यातून निघणारा बीटा कण इतका मरतुकडा की ट्यूबच्या काचेतून आतच जात नाही.

आणि मला खरी धास्ती ज्याची, तो अणुकचरा. जास्त जहाल असतो तो काचेत मुरवून, स्टीलच्या डब्यांत सील करून तारापूरलाच काँक्रीटच्या व्हॉल्टमध्ये ठेवतात, तिथलं माझ्या काउंटरला गॅलरीत बसून काय कळणार. त्यातलं किरणोत्सर्गी सीझियम निम्मं व्हायलाच 30 वर्षं, प्लुटोनियमला 24 हजार. फिनलंडने त्यासाठी खडकात 400 मीटर खाली बोगदे खणलेत, आपल्याकडे कायमची जागाच नाही अजून.

उपयोग झाला तो भलतीकडेच. 2010 ला दिल्लीत मायापुरीच्या भंगारात युनिव्हर्सिटीचं जुनं मशीन आलं, आत कोबाल्ट-60 हा किरणोत्सर्गी धातू, एक माणूस गेला त्यात. हे मामाला सांगितलं, त्याचा एमआयडीसीत भंगाराचा गाळा आहे. तसल्या मालाजवळ हा काउंटर बोंबलायला हवा.

बॅटरीचं झाकण दोन महिन्यांत तुटलं, सेलरने रिप्लाय दिला नाही, रबरबँड लावलाय. पाचपैकी साडेतीन. सध्या मामाकडेच आहे, दीड महिना झाला, परत द्यायचं नाव नाही.