बीवायडी अ‍ॅटो 3: पुणे-मुंबई मार्गावर दहा महिन्यांनंतर

बीवायडी या चिनी कंपनीची ही इलेक्ट्रिक गाडी बुक करण्याआधी इलेक्ट्रिशियनला घेऊन सोसायटीच्या मीटररूममध्ये जा. बॅटरी 60.48 युनिटची (किलोवॉट-तासांची) आहे. साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर ती रिकामीची पूर्ण भरायला जवळजवळ अख्खा दिवस जातो, 7 किलोवॉटच्या चार्जरवर साधारण दहा तास. त्यासाठी 32 अँपिअरची स्वतंत्र लाइन, किमान 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (पार्किंग मीटरपासून लांब असेल तर 10 ची) आणि 30 मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा 40 अँपिअरचा आरसीबीओ (वीज गळली किंवा भार वाढला की लाइन तोडणारा स्विच) लागतो. चार्जर लाल दिवा दाखवून थांबला की गाडीवर संशय घेऊ नका, आधी अर्थिंग बघा. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये पाच-सात व्होल्ट दिसत असतील तर अर्थिंगचा खड्डा नव्याने करून घ्या.

या गाडीची खरी ताकद बॅटरीत आहे. बीवायडीची ही ‘ब्लेड’ बॅटरी लोह-फॉस्फेटची, म्हणजे निकेल आणि कोबाल्ट नसलेली. लांब पात्यासारखे सेल मॉड्यूलच्या डब्यांत न घालता थेट पॅकमध्ये बसवलेले असतात. स्वस्त, टिकाऊ, आणि तापली तरी सहजी पेट घेत नाही. पण या रसायनाचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे नेमकी किती चार्ज उरली याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. म्हणून आठवड्यातून एकदा 100 टक्के भरा आणि भरून झाल्यावरही थोडा वेळ प्लग तसाच राहू द्या. ‘80 च्या वर नेऊ नका’ हा सल्ला निकेलवाल्या बॅटरीचा आहे, इथे तो लावू नका.

कागदावर रेंज 521 किमी. प्रत्यक्षात शहरात एका युनिटला सात किमी, म्हणजे 420 च्या आसपास. एक्स्प्रेसवेवर 100 च्या वेगाने एसी लावून साडेपाच ते सहा, म्हणजे 340 धरा. खोपोलीहून लोणावळ्याला सुमारे 550 मीटर चढ आहे. चार माणसं आणि सामान धरून 2,100 किलोला निव्वळ चढण्यासाठी साडेतीन युनिट लागतात, म्हणजे बॅटरीचे 6 टक्के. उतरताना त्यातले दोनेक युनिट परत मिळतात. मात्र लोणावळ्यातून 100 टक्के भरून निघालात तर ती वीज साठवायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथून निघताना 90 पुरे.

बाहेरच्या चार्जरवर खरी चिडचिड होते. गाडी जास्तीत जास्त 80 किलोवॉट घेते. फलकावर 60 लिहिलेलं असतं, पण शेजारी दुसरी गाडी लागली की चार्जरच्या दोन गनांत (गाडीला लावायच्या प्लगांत) 30-30 वाटले जातात. 20 वरून 80 टक्क्यांवर जायला मग पाऊण तासाऐवजी सव्वा तास लागतो. दुसरी गाडी लागलेली नाही असा चार्जर शोधा.

ही गाडी वापरताना युरोपच्या कंपन्या का हादरल्या ते नीट कळतं. बीवायडी 1995 मध्ये शेन्झेनला बॅटऱ्या बनवण्यापासून सुरू झाली, मोटारी नंतर आल्या. सगळ्यात महाग भाग घरचाच, म्हणून किंमत हातात राहते. 2023 मध्ये चीनच्या बाजारात तिने फोक्सवॅगनचं पहिलं स्थान घेतलं. डिसेंबर 2024 मध्ये फोक्सवॅगनने जर्मनीत 2030 पर्यंत 35,000 हून अधिक जागा कमी करण्याचा करार कामगार संघटनेशी केला. एकटा चीन त्याला कारण नाही, पण तिथून येणारा नफा आटला हे मोठं कारण आहे. चाकणला फोक्सवॅगन समूहाचा कारखाना असल्याने ही बातमी पुण्याला परकी नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2024 पासून बीवायडीच्या चीनमध्ये बनलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांवर नेहमीच्या 10 टक्क्यांवर आणखी 17 टक्के आयात कर लावला. पण त्याआधी 2023 मध्येच त्याच युरोपातल्या स्टेलांटिसने (जीप, सिट्रोएनवाली कंपनी) लीपमोटर या चिनी कंपनीत 1.5 अब्ज युरो घालायचं ठरवलं होतं आणि फोक्सवॅगनने शाओपेंग (एक्सपेंग) या दुसऱ्या चिनी कंपनीत सुमारे 70 कोटी डॉलर. कराने वेळ मिळेल, तंत्र मात्र शेवटी चीनकडूनच घ्यावं लागतंय.

उणिवाही आहेत. चालकासमोरचा स्क्रीन जेमतेम 5 इंची. ग्राउंड क्लिअरन्स 175 मिमी, पूर्ण भरलेल्या गाडीत उंच गतिरोधक तिरका घ्या. आणि स्टेपनी नाही, फक्त पंक्चर किट. टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग शून्य. 215/55 आर18 हे माप लहान गावात लगेच मिळेलच असं नाही, तेव्हा कोकणात उतरण्याआधी टायरवाल्याला फोन करून ठेवा.